तू जेवलीस का?

गेल्या मे महिन्यात मिरजेला आईकडे होते. दुपारचे साडेतीन. वाऱ्याचं नाव नाही, पंखा गरम हवाच ढवळतोय, आणि आई तिच्या डब्याशी गप्पा मारत बसलेली. डबा म्हणजे भावाने परदेशातून येताना आणलेलं ते बोलणारं यंत्र. ताकाच्या लोट्याएवढं, गोल, बोलायला लागलं की कडेने निळं पेटणारं. आईचं मराठी त्याला धड कळत नाही, म्हणून ती त्याच्याशी हिंदीत बोलते. हिंदी तरी कसली, आमची मिरजेची. ‘आज पाऊस आएगा क्या?’, ‘वो भीमसेन का तोडी लगाव जरा’. नवल म्हणजे डब्याला हे बऱ्यापैकी समजतं. त्या दुपारी गाणं संपलं आणि आई पुढे वाकून, लहान मुलीला विचारावं तशी म्हणाली, ‘तूने खाना खाया क्या गं पोरी?’ डबा गोड आवाजात म्हणाला, ‘मैं तो बिजली से ही पेट भर लेती हूँ. आपने खाना खाया?’ आईला काय हसू आलं! मीही हसले. मावशी फरशी पुसत होत्या. त्यांनी फडकं बादलीत पिळलं, मान वर न करता त्याही हसल्या आणि म्हणाल्या, ‘आजी, मला हितं अकरा वर्सं झाली. मला न्हाई कदी इचारलं, जेवलीस का म्हणून.’

आई म्हणाली, ‘अगं, तुला काय विचारायचं? तू तर घरचीच.’

मावशी काही बोलल्या नाहीत. बादली उचलून मागच्या खोलीत गेल्या. मी मांडीवरच्या लॅपटॉपमध्ये डोकं घातलं, म्हणजे काही ऐकलंच नाही असं मला स्वतःलाही वाटावं. आई काही वाईट बाई नाही. मावशींच्या मुलीच्या बारावीच्या क्लासची निम्मी फी तिने भरली. दिवाळीला साडी देते ती आपण स्वतः नेसू अशीच निवडते. मावशी आल्या की चहा होतो, तोही आल्याचा. पण तो त्यांच्या कपात, आणि तो कप मोरीच्या कठड्यावर वेगळा पालथा घातलेला असतो. तो कप मी अकरा वर्षं पाहते आहे. त्या दुपारनंतर मात्र तो नुसता दिसेना, टोचायला लागला. डब्याने आईला ‘आपने खाना खाया?’ विचारलं तेव्हा मला बरं वाटलं होतं, हे जास्त टोचलं. चला, माझ्या मागे तिला कुणीतरी विचारतंय, असं.

रात्री झोप येईना. झोप आली नाही की मी सिनेमे बघते, आणि त्या आठवड्यात मी बोलणाऱ्या यंत्रांचेच सिनेमे आणि मालिका बघत सुटले. काही नवे, काही पूर्वी पाहिलेले. पहिली आठवली ती विकी. नव्वदच्या दशकात आमच्याकडे केबल आली आणि ‘स्मॉल वंडर’ हिंदीत दिसायला लागली. लाल-पांढऱ्या फ्रॉकमधली, सपाट आवाजात बोलणारी ती रोबो मुलगी. शाळेच्या मधल्या सुट्टीत आम्ही सगळ्या तशाच बोलायचो, मान एका झटक्यात वळवून, पापणी न लववता. मला विकी हवी होती गृहपाठासाठी, आईला भांड्यांसाठी. पुढे २००३ मध्ये तिचीच देशी बहीण ‘करिश्मा का करिश्मा’ स्टार प्लसवर आली, तेव्हा मी कॉलेजात होते आणि नाक मुरडून बघायचे, पण बघायचे. आता तीसएक वर्षांनी विकीचा एक भाग पुन्हा लावला आणि एका गोष्टीपाशी थांबले. विकी कपाटात झोपते. घरातल्या मुलाच्या खोलीत एक कपाट, त्यात ती उभी राहते, दार बंद. घरातले तिला बाहेरच्यांपुढे दत्तक मुलगी म्हणतात, म्हणजे ‘घरचीच’. लहानपणी त्या कपाटाचं मला काडीचंही काही वाटलं नव्हतं. उलट मजाच वाटली होती.

रोबो हा शब्दच मुळात त्या कपाटातला आहे. १९२० साली कारेल चापेक या चेक लेखकाने एक नाटक लिहिलं, १९२१ च्या जानेवारीत ते प्रागच्या राष्ट्रीय नाट्यगृहात झालं, आणि तिथून हा शब्द जगभर गेला. सुचवला होता त्याच्या चित्रकार भावाने, जोसेफने. चेक भाषेत ‘रोबोटा’ म्हणजे जमीनदाराच्या शेतावर फुकट राबण्याची सक्ती. आपण त्याला यंत्रमानव केलं, आणि शाळेच्या पुस्तकात तो चौकोनी डोक्याचा, छातीवर दिवे लावलेला होऊन बसला. पण ‘रोबोटा’ला मराठीत नेमका शब्द आहे: वेठ. वेठबिगार. चापेकचे रोबो लोखंडाचे नव्हतेच, कारखान्यात रसायनांतून घडवलेली, माणसासारखी दिसणारी, फक्त राबणारी शरीरं होती ती. शेवटी ती उठतात आणि माणसांना संपवतात. १९३८ मध्ये बीबीसीने त्या नाटकाचा ३५ मिनिटांचा अंश टेलिव्हिजनवर दाखवला. टेलिव्हिजन अजून रांगत होतं, आणि रांगता रांगताच त्याने वेठबिगार उठल्याची गोष्ट सांगितली. पश्चिमेकडच्या सिनेमांतली यंत्रं धन्यावर उलटतात याचं कारण तिकडचे अभ्यासक कुठे कुठे शोधतात, धर्मात, उद्योगक्रांतीत, युद्धात. असेलही तसं. मला मात्र हा शब्द पुरेसा वाटतो. ज्याला फुकट राबवलं त्याची भीती वाटणारच. आपल्याकडे गावगाड्यात शतकानुशतकं वेठ होती, आणि वेठीला धरणाऱ्यांनाही रात्री कधीतरी ती भीती वाटत असणार. सिनेमा काढायची सोय नव्हती, इतकंच.

ही भीती उगाळून उगाळून अमेरिकेने पुढे तिचं चंदन केलं. ‘टर्मिनेटर’ मी तीनदा पाहिलाय, तिन्ही वेळा पॉपकॉर्न खाल्लेत, एकदाही घाबरले नाही. लाल डोळ्यांचा सांगाडा कवट्या चिरडत येतो तेव्हा फार तर दिवाळीच्या किल्ल्यावरचा मावळा आठवतो. घाबरले ते हॅलला. १९६८ चा ‘२००१: अ स्पेस ओडिसी’. त्यातला हॅल म्हणजे अंतराळयानाचा संगणक. त्याला शरीर नाही, एक लाल भिंग आणि समजूतदार आवाज. तो माणसं मारतो, हे खरं. पण शेवटी यानातला अंतराळवीर बोमन त्याच्या स्मृतीच्या पट्ट्या एकेक करून उपसायला लागतो आणि हॅल त्याच संथ आवाजात सांगतो की मला भीती वाटते, माझं मन जातंय, ते जाताना मला जाणवतंय. आणि मग पहिल्यांदा शिकवलेलं गाणं म्हणायला लागतो, ‘डेझी, डेझी’, आवाज घसरत घसरत खोल जातो. शेवटच्या महिन्यांत माझ्या वडिलांना सगळं विसरायला झालं होतं. नावं गेली, खोल्या गेल्या. ‘शुभं करोति’ शेवटपर्यंत राहिलं. तेही शेवटी शेवटी असंच घसरत जायचं. चौकटीतल्या खुन्यासाठी डोळ्यांत पाणी येणं बरं नव्हे, पण आलं.

चिन्यांचा मॉस मात्र वेगळाच निघाला. ‘द वाँडरिंग अर्थ’, २०१९. अंतराळस्थानकाचा कारभार बघणारी ही बुद्धी उलटत बिलटत नाही. तिच्याकडे वरून मंजुरी आलेली आहे. पृथ्वी वाचण्याची शक्यता नाही, सबब स्थानक पुढे न्यायचं, नियमात बसतं ते हेच. नायक आरडाओरडा करतो, हा शांत. तहसील कचेरीत वारसनोंदीला खेटे घातलेल्या कुठल्याही माणसाने मॉसला पाहिलेला आहे. शेवटी नायक व्होडकाची बाटली फोडून आग लावतो आणि तो जळता जळता म्हणतो की माणसांनी कायम शहाण्यासारखं वागावं ही अपेक्षाच अति आहे. मी टाळ्या वाजवल्या. कुणासाठी ते सांगता येणार नाही.

तिसऱ्या-चौथ्या रात्री माझ्या लक्षात यायला लागलं की मी यंत्राकडे बघतच नाहीये. बघतेय ती त्याला कुणाच्या जागी उभं केलंय ते.

प्रागमध्ये वेठबिगाराच्या जागी. चीनमध्ये साहेबाच्या खुर्चीत. जर्मनांच्या ‘मेट्रोपोलिस’मध्ये, १९२७ चा हा मूकपट, शास्त्रज्ञाने धातूची बाई घडवली ती त्याला सोडून गेलेल्या आणि मग बाळंतपणात वारलेल्या प्रेयसीच्या जागी. आणि जपानमध्ये मुलाच्या जागी. ओसामू तेझुकाचा रोबो मुलगा अ‍ॅटम १ जानेवारी १९६३ ला जपानी टीव्हीवर आला. त्याआधी अकरा वर्षं तो चित्रकथेत होताच. डॉक्टर तेन्माचा मुलगा अपघातात जातो. बाप वेडापिसा होऊन हुबेहूब तसा रोबो करतो. मग त्याच्या लक्षात येतं, हा वाढत नाही. उंची तेवढीच. आणि तो त्याला सर्कशीला विकून टाकतो. जपानला रोबो कसा प्रेमळ वाटतो, अ‍ॅटम कसा सगळ्यांचा लाडका, हे सगळीकडे वाचायला मिळतं. विकला होता, हे वाक्य त्यात सहसा खाली कुठेतरी असतं. लहान मुलांची मालिका आहे ही, आणि पहिल्याच घासाला एवढा मोठा खडा.

डोरेमॉनची गोष्ट मला भाच्यामुळे ठाऊक. तो चार वर्षांचा असताना डोरेमॉनची हिंदी बोलायचा. ‘आजी, मुझे बचाओ’ असं ओरडत स्वयंपाकघरात यायचा आणि आई घाबरून पोळी करपवायची. बाविसाव्या शतकातून आलेलं ते निळं मांजर, पोटाच्या खिशातून वाट्टेल ते काढणारं. आमच्या घरात त्याच्या नावाने आईने एक चादरीचा खिसासुद्धा शिवून दिला होता, त्यातून भाचा खोडरबर काढायचा. आत्ता पुन्हा बघताना कळलं, डोरेमॉनही कपाटातच झोपतो! नोबिताच्या खोलीत जपानी पद्धतीचं, गाद्या-रजया ठेवायचं सरकत्या दाराचं कपाट असतं, त्यात. मला वाटलं, झालं, इथेही तेच. पण विकीचं कपाट आणि हे कपाट यांत फरक आहे. डोरेमॉनने आत अंथरूण घातलेलं असतं. आणि संध्याकाळी खालून नोबिताची आई जेवायला हाक मारते तेव्हा तोही खाली जातो, सगळ्यांबरोबर ताटावर बसतो, भात खातो. हिंदीत ज्याला डोरा केक म्हणतात तो गोड पदार्थ दिसला की त्याला बाकी काही सुचत नाही. रोबोला भूक कशाला लागेल, असं भाच्याने एकदाही विचारलं नाही. मला हे बघून त्या दुपारच्या आईची आठवण झाली, ‘तूने खाना खाया क्या’ म्हणणारी. तिने प्रश्न काही चुकीच्या ठिकाणी विचारला नव्हता.

इथवर आल्यावर आपली कॉलर ताठ करण्याचा मोह होतो. जपानी लोक वस्तूत जीव बघतात, मग आपण काय करतो? सोनीने १९९९ मध्ये आयबो नावाचा रोबो कुत्रा काढला, २००६ मध्ये तो बंद केला, २०१४ मध्ये त्याची दुरुस्तीही थांबवली. आणि नंतर चिबा जिल्ह्यातल्या एका बौद्ध मंदिरात निकामी आयबोंसाठी रीतसर प्रार्थना सुरू झाल्या. ओळीने मांडलेले कुत्रे, प्रत्येकाच्या गळ्यात मालकाचं नाव आणि गाव लिहिलेली चिठ्ठी, पुढे मंत्र म्हणणारे भिक्षू. मंत्र झाले की त्यांचे सुटे भाग काढून दुसऱ्या आजारी आयबोंना लावायचे. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला अजिबात विचित्र वाटलं नाही. खंडेनवमीला आमच्या घरात शिलाई मशीन, मिक्सर, पाण्याची मोटर, भावाची जुनी लूना या सगळ्यांना हळदकुंकू लागतं. बाबा त्यांच्या स्लाइड रूलवर झेंडूचं फूल ठेवायचे. एसटीच्या बोनेटवर हार असतो. प्रभातच्या ‘संत ज्ञानेश्वर’मध्ये, १९४० चा तो, भिंत चालायला लागते तेव्हा थिएटरातल्या कुणाला भीती वाटली नसेल, हात जोडले गेले असतील. निर्जीव उठून चालू लागलं, याने आपली झोप उडत नाही. लहानपणी मी बाबांना विचारलं होतं, भिंतीला कुणी विचारलं होतं का, येतेस का म्हणून? बाबा म्हणाले, शहाणपणा करू नकोस.

पण कॉलर ताठ राहत नाही. लक्ष्मीपूजनाला आम्ही केरसुणीची पूजा करतो. नवी आणतो, हळदकुंकू वाहतो, तिला पाय लागला तर पाया पडतो. केर काढणाऱ्या बाईचा कप मोरीच्या कठड्यावर असतो. वस्तूला जीव आहे असं मानणाऱ्या घरात माणसाची वस्तू व्हायला काही अडचण येत नाही, दोन्ही एकाच ओट्यावर सुखाने नांदतात.

मग मी म्हाताऱ्या माणसांचे सिनेमे बघायला लागले. का ते उघड आहे. अमेरिकेचा ‘रोबोट अँड फ्रँक’ २०१२ चा. विसरभोळ्या होत चाललेल्या बापाकडे मुलगा सेवेला रोबो आणून ठेवतो, कारण दर आठवड्याला इतक्या लांब गाडी हाकत येणं त्याला जमत नाही. म्हातारा जुना घरफोड्या. तो रोबोला कुलपं उघडायला शिकवतो. मी पोट धरून हसले, आणि शेवटी पुरावा नको म्हणून त्याला रोबोची स्मृती पुसावी लागते तिथे हसू आतच राहिलं. त्याच वर्षी आलेल्या स्वीडनच्या ‘रिअल ह्यूमन्स’ मालिकेतल्या आजोबांचा ओडी नावाचा जुना रोबो बिघडतो. घरचे त्याला भंगारात काढून नवी, कडक शिस्तीची, खाण्यापिण्यावर डोळा ठेवणारी यंत्रबाई आणतात, आणि आजोबा ओडीला तळघरात लपवून ठेवतात. आईने बाबांचा बंद पडलेला ट्रान्झिस्टर असाच गाद्यांच्या मागे ठेवलाय. मला माहीत आहे हे तिला माहीत नाही.

यातला सगळ्यात चक्रम आणि सगळ्यात जवळचा वाटला तो जपानचा ‘रोजिन झी’, १९९१ चा अ‍ॅनिमेशनपट, कात्सुहिरो ओतोमोने लिहिलेला. जपानचं आरोग्य खातं एक यांत्रिक पलंग काढतं. म्हाताऱ्याला त्यात झोपवायचं; पलंग खाऊ घालतो, अंघोळ घालतो, कूस बदलतो, सगळं साफ करतो. प्रयोगासाठी सत्त्याऐंशी वर्षांच्या एका विधुराला उचलून त्यात ठेवतात, अंगभर नळ्या. त्याची काळजी घेणारी शिकाऊ नर्स सोडून कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. अधिकारी खूश, पत्रकार खूश. पुढे त्या पलंगाच्या मेंदूत म्हाताऱ्याच्या मेलेल्या बायकोचा स्वभाव उतरतो, तिचा आवाज येतो, आणि नवऱ्याला समुद्र बघायचाय म्हणून पलंग भिंती फोडून, रस्त्यातल्या गाड्या तुडवत निघतो. सैन्य मागे लागतं. पलंग थांबत नाही. बायकोला नवऱ्याने काहीतरी मागितलंय, झालं. हसता हसता मला आमची सांगलीची आत्या दिसत होती. आतोबांना कुल्फी खायची म्हणून तिने दवाखान्यातून त्यांना सलाइनसकट रिक्षात घातलं होतं. त्या सिनेमात यंत्र चांगलं की वाईट याचा निकालच लागत नाही. खातं वाईट आहे, हे मात्र स्वच्छ कळतं. जपानी माणूस यंत्राला भुलतो म्हणणाऱ्यांना हा पलंग दाखवायला हवा.

आपल्याकडचा असा सिनेमा मल्याळममध्ये झाला. ‘अँड्रॉइड कुंजप्पन’, २०१९. गाव पय्यनूर, केरळच्या उत्तरेकडचं. मुलगा रशियात नोकरीला, कंपनी जपानी. बाप एकटा, तिरसट, नव्या यंत्रांचा तिटकारा असलेला. मुलगा घरी एक रोबो आणून ठेवतो. बाप आधी ढुंकून बघत नाही, मग त्याला आपल्यासारखं मुंडू नेसवतो, बरोबर घेऊन गावात फिरतो. तो हळूहळू मुलाच्या जागी जाऊन बसतो, आणि खरा मुलगा परत येतो तेव्हा त्याला स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखं व्हायला होतं. जगावर कब्जा, अणुबॉम्ब, असलं काही नाही. अंगणातली खुर्ची कुणाची, एवढाच प्रश्न. मी हा सिनेमा दोन बैठकांत पाहिला. पहिल्या बैठकीत उठून आईच्या खोलीत डोकावून आले. ती झोपली होती, डबा उशाशी, त्याचा निळा दिवा बंद.

आणि हिंदीत? हिंदीत आपण यंत्राला सून करतो. २०१६ मध्ये लाइफ ओके वाहिनीवर ‘बहू हमारी रजनी कांत’ नावाची मालिका होती. मुलगा शास्त्रज्ञ, त्याने घडवलेली रोबो बाई घरात सून म्हणून वावरते, आणि घरच्यांना पत्ता नाही. सगळे विनोद यावरच उभे, की तिला सांगितलेलं ती शब्दशः करते. मला तेव्हा ती आचरट वाटली होती, आता तिचा मुद्दा आचरट वाटत नाही. पत्ता लागणार कसा? पहाटे उठते, दमत नाही, उलटून बोलत नाही, विचारलं तेवढंच सांगते. चांगल्या सुनेत आणि यंत्रात घरच्यांना फरक कळला नाही, यात त्यांची काय चूक. २०२४ च्या ‘तेरी बातों में ऐसा उलझा जिया’मध्ये नायक एका रोबोच्या प्रेमात पडून तिला लग्नाच्या मांडवापर्यंत आणतो आणि तिथे तिचं बिघडतं. थिएटरात माझ्या शेजारच्या बाई नवऱ्याला म्हणाल्या, ‘बघा, सांगितलेलं सगळं करणारीसुद्धा एक दिवस बिघडते.’ चित्रपटापेक्षा ते वाक्य चांगलं होतं.

शंकरचा ‘एंदिरन’ यांत वेगळा बसतो. आपण तो ‘रोबोट’ म्हणून हिंदीत पाहिला, २०१० साली, रजनीकांतसाठी. शेवटची ती चेंडू आणि साप होणारी यंत्रांची फौज सगळ्यांना आठवते. मला त्यातली आग आठवते. इमारत पेटलेली आहे, चिट्टी नावाचा तो रोबो माणसं बाहेर काढतोय, आणि एका अंघोळ करणाऱ्या मुलीलाही तो तशीच, विवस्त्र, उचलून बाहेर आणतो, कॅमेऱ्यांसमोर. त्याच्या हिशेबात जीव वाचला. ती लाजेने धावत सुटते आणि ट्रकखाली जाते. यंत्राने तिला मारलं नाही, बघणाऱ्यांनी मारलं. पण खापर फुटतं चिट्टीवर, त्याला भावना कळत नाहीत म्हणून. आणि शास्त्रज्ञ त्याला भावना शिकवायला घेतो. शेवटी, २०३० साल, संग्रहालयात सुटे करून ठेवलेल्या त्या चिट्टीला शाळेच्या सहलीतली मुलगी विचारते, तुला का मोडलं? तो म्हणतो, मी विचार करायला लागलो. या वाक्याला आमच्या थिएटरात शिट्ट्या पडल्या होत्या. माझ्या आजीला हे वाक्य कळलं असतं. सातवीत शाळेतून काढली होती तिला, मास्तर घरी येऊन ‘पोरगी फार विचार करते’ असं कौतुकाने म्हणाले त्याच महिन्यात.

जूनमध्ये मी ठाण्याला परतले. फोनवर आईला मावशींचं बोलणं आठवण करून द्यायचं ठरवायचे आणि पावसावर बोलून ठेवून द्यायचे. दुसऱ्याला शिकवणं सोपं असतं म्हणावं तर तेही जमेना. माझ्याकडे ठाण्यात ज्या ताई पोळ्यांना येतात त्यांना मी तरी कधी विचारलं होतं? त्यांचं आडनावही मला फोनमध्ये बघावं लागलं. तिथे ‘पोळ्या’ असं लिहिलेलं होतं.

दसऱ्याला पुन्हा मिरजेला गेले. आदल्या दिवशी, खंडेनवमीला, आईने सगळी यंत्रं मांडली. शिलाई मशीन, मिक्सर, माझा लॅपटॉप. डबाही होता, त्याच्या डोक्यावर झेंडू. हळदकुंकवाची बोटं त्याच्या जाळीत अडकली आणि दिवसभर तो चिंब कापडातून बोलावं तसा बोलत होता. मावशी आल्या, बघून म्हणाल्या, ‘आजी, पोरीचा गळा बसला.’ आई कापूस घेऊन जाळी पुसायला बसली. पुसता पुसता, डब्याकडेच बघत, एकदम म्हणाली, ‘मावशी, जेवलीस का गं?’ आवाज जरा जास्तच मोठा आला. शाळेत पाठ केलेलं एका दमात म्हणून टाकतात, तसा. मी स्वयंपाकघराच्या दारात होते, तिथेच थांबले.

मावशींनी झाडू भिंतीला टेकवला. आईकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि कमरेवर हात ठेवून, मान एका झटक्यात वळवून, डब्याच्या त्या गोड आवाजात म्हणाल्या, ‘मैं बिजली से पेट नहीं भरती, आजी. दोन पुरणपोळ्या वाढा.’

आईला हसू आवरेना. ताट घ्यायला मी वळले आणि फळीपाशी अडले, कारण मावशींचं ताट वेगळं, ते खालच्या फळीवर, आणि वरच्या फळीवर आमची. माझा हात मधेच राहिला होता. मागून आईचा आवाज आला, ‘वरचं घे.’ मग थोडं थांबून, ‘तूप गरम कर.’